पाहिलेला पक्षी, नोंदलेला पक्षी

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे पक्ष्यांविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदा मात्र ‘सोबतच्या छायाचित्रातील पक्षी कोणता?’ असे विचारणाऱ्या पत्रांपेक्षा ‘पाहिलेला पक्षी नोंदवायचा कसा आणि कोणाला सांगायचा?’ असे विचारणारी पत्रे अधिक आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. बहुतेक पत्रांत ‘ई-बर्ड’चा उल्लेख असल्याने त्याविषयी आधी थोडे सांगतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ साली सुरू केलेली ही नोंदवही आहे. कोणीही निरीक्षक तीत आपली यादी विनामूल्य भरू शकतो आणि ती यादी त्याच्या स्वतःच्या खात्यात कायम राहते. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट या नोंदींच्या कामात मार्गदर्शन करतो. निवडक पत्रांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून फोंडा तालुक्यात आमचे कुळागर आहे. १९९८ च्या पावसाळ्यापासून कुळागरात दिसलेल्या पक्ष्यांची टिपणे मी वह्यांत लिहीत आलो आहे. नावे मात्र आमच्या घरात बोलली जातात तीच आहेत, जसे की कुंभारकावळा, सुतार, धोबी, आणि वेळ बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाही. या वह्यांचा कोणाला काही उपयोग आहे का, की त्या माझ्यापुरत्याच ठेवाव्यात?

उत्तर : आपल्या पत्रासोबत आलेले वहीच्या दोन पानांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. एका पानावर ‘आज धोबी आला, पाटाच्या कडेने फिरत होता, शेपूट सारखी वरखाली’ एवढेच वाक्य आहे आणि वर तारीख आहे. पोफळीच्या बागेतील पाटाशी, पाण्याच्या कडेने, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आलेला आणि शेपूट सतत हलवणारा हा पक्षी करडा धोबी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण उत्तरेकडून आपल्याकडे लवकर येणाऱ्या हिवाळी पाहुण्यांपैकी तो एक आहे. एकाच पाटावर, एकाच माणसाने, वीस-पंचवीस वर्षे ‘आज आला’ असे लिहून ठेवणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. रॉबर्ट ग्रुभ आणि सलीम अली यांनी १९७६ साली मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेच्या नियतकालिकात गोव्यातील पक्ष्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हापासून गोव्यात पक्षी पाहणारे वाढले, परंतु एका जागी इतकी वर्षे टिकून राहिलेली टिपणे फारच थोड्यांजवळ असतील. म्हणून वह्यांचा उपयोग आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर निःशंक ‘आहे’ असे आहे.

आता पहिले काम कागद वाचवण्याचे. आपल्याकडचा पावसाळा कागदाला मानवत नाही. बुरशी, कसर आणि वाळवी यांनी कितीतरी घरांतल्या वह्या संपवल्या आहेत. कोरड्या दिवसांत प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र काढून घ्यावे, ती छायाचित्रे किमान दोन ठिकाणी ठेवावीत आणि मूळ वह्या टाकून देऊ नयेत, कारण पुढे शंका आली तर शेवटचा आधार मूळ अक्षराचाच असतो.

ई-बर्डमध्ये जुन्या नोंदी भरताना ज्या दिवशी आपण केवळ एक-दोन पक्ष्यांविषयीच लिहिले आहे, त्या दिवसाची यादी ‘पूर्ण यादी’ म्हणून भरू नये. ओळखता आलेले सर्व पक्षी लिहिले आहेत का, असा प्रश्न तेथे विचारला जातो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. वेळ व कालावधी माहीत नसल्यास ‘ऐतिहासिक’ हा प्रकार निवडावा. तारीख पक्की असेल तेवढीच घालावी आणि आठवणीतून वेळ बनवू नये. संख्या लिहिलेली नसेल तर संख्येच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर लिहिण्याची सोय आहे. त्याचा अर्थ ‘होता, पण मोजला नाही’ एवढाच होतो.

नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुंभारकावळा म्हणजेच भारद्वाज. त्यालाच कोणी सोनकावळा म्हणतो, कोणी कुकुडकोंबा म्हणतो, परंतु पक्षी एकच असल्याने येथे अडचण येत नाही. ‘सुतार’ या नावाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या कुळागरासारख्या ठिकाणी सोनेरी पाठीचा सुतार येतो, तपकिरी सुतार येतो, आणि जंगल जवळ असेल तर आणखीही काही जाती येतात. वहीत नुसते ‘सुतार’ लिहिलेले असताना, आज आपल्याला सोनेरी पाठीचा सुतार वारंवार दिसतो म्हणून २००३ सालचा सुतारही तोच होता असे ठरवू नये. ‘सुतार, जात निश्चित नाही’ असा पर्याय यादीत असतो, तो घ्यावा. आणि प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात वहीतील मूळ शब्द जसाच्या तसा उतरवावा. ‘शेपूट सारखी वरखाली’ हे आपले तीन शब्द पुढे कोणालातरी ‘धोबी’ या नावापेक्षा अधिक सांगून जातील.

एक विनंती. येथून पुढे वेळ लिहायला सुरुवात करावी. किती वाजता बाहेर पडलात, किती वाजता परतलात, एवढ्या दोन आकड्यांनी आपल्या वह्यांचे मोल बदलून जाईल. ते का, याचा खुलासा मडगावच्या पत्राच्या उत्तरात केला आहे.

प्रश्न : आम्ही पाच महाविद्यालयीन विद्यार्थी दर रविवारी मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी पक्षी पाहायला जातो. तिथे कुरव आणि लहान चिखल्ये शेकड्यांनी बसलेले असतात. इतके पक्षी मोजायचे कसे? आणि पाचही जणांनी वेगवेगळी यादी भरली तर चालेल का?

उत्तर : तुम्ही निवडलेली जागा सुंदर आहे, परंतु तेथे जाण्यापूर्वी घड्याळाइतकीच भरती-ओहोटीची वेळ पाहायला हवी. ओहोटीला पक्षी चिखलावर आणि ओल्या रेतीवर दूरवर पांगून चरतात, तर भरती चढत जाते तसतसे ते उरलेल्या कोरड्या रेतीच्या पट्ट्यावर एकत्र येऊन विसावतात. मोजणीसाठी ही दुसरी वेळ अधिक सोयीची असते. तुमच्या नोंदीत भरती होती की ओहोटी हे शेऱ्यात लिहिलेले असेल, तर एका रविवारी आठशे आणि दुसऱ्या रविवारी नव्वद पक्षी का दिसले याचे कारण वाचणाऱ्याला कळेल. नाहीतर पक्षी घटले असा चुकीचा निष्कर्ष काढला जाईल.

मोजण्याची रीत सरावाने येते. थव्याच्या एका टोकाला दुर्बिणीतून नीट दहा पक्षी मोजा आणि दहा पक्षी डोळ्यांना केवढी जागा व्यापतात ते लक्षात ठेवा. मग तेवढेच माप पुढे पुढे ठेवत सरका : दहा, वीस, तीस. थवा फार मोठा असेल तर पन्नासाचे माप घ्या. चिखल्ये दाट बसतात आणि कुरव विरळ बसतात, म्हणून दोघांसाठी माप वेगळे ठरवावे लागते. मिश्र थव्यात आधी एकूण संख्या काढावी आणि मग तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्षी तपासून कोणती जात किती प्रमाणात आहे ते पाहावे. एकाने मोजून आकडा मोठ्याने सांगितला की बाकीचे चौघे नकळत त्याच आकड्याकडे झुकतात. म्हणून पाचही जणांनी आपापला आकडा आधी वहीत लिहावा आणि मगच एकमेकांना दाखवावा. सुरुवातीला फरक मोठा पडेल, महिन्याभरात तो कमी होत जाईल. ‘भरपूर’ किंवा ‘५००+’ असे लिहिण्यापेक्षा ‘६४०’ असा अंदाज लिहिलेला चांगला, आणि तो अंदाज आहे हे शेऱ्यात नमूद केलेले त्याहून चांगले.

जात ओळखण्यात घाई करू नये. तुम्ही ज्यांना लहान चिखल्ये म्हणता त्यांत सँड प्लव्हर हा मोठा हिस्सा असतो. लहान सँड प्लव्हर म्हणून आपण वर्षानुवर्षे जी एक जात लिहीत होतो, तिचे २०२३ साली सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभाजन झाले. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी बहुतांशी तिबेटी आहेत. त्यांच्यातच मिसळून मोठा सँड प्लव्हरही बसतो. त्याची चोच अधिक लांब व दणकट आणि पाय लांब असतात, पण उन्हाच्या झळांत दोनशे पावलांवरून हा फरक दिसेलच असे नाही. दिसला नाही तर ‘तिबेटी किंवा मोठा सँड प्लव्हर’ असा जोडपर्याय यादीत आहे आणि तो निवडण्यात कोणताही कमीपणा नाही. विभाजनाच्या अशा प्रसंगी जुन्या नोंदींना शेऱ्यातील वर्णन आणि छायाचित्रे जोडलेली असतील तरच त्या तपासता येतात. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, हाही पूर्वी काळ्या शेंडीच्या बुलबुलाची उपजात मानला जाई. नावे बदलत राहतात, पण डोळ्यांना दिसलेले वर्णन बदलत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. पाच जणांनी पाच स्वतंत्र याद्या भरू नयेत, कारण मग तेच सहाशे चाळीस पक्षी पाच वेळा नोंदले जातील. एकाने यादी भरावी, निरीक्षकांची संख्या पाच लिहावी आणि ती यादी ई-बर्डमधूनच बाकीच्या चौघांना ‘शेअर’ करावी. मग ती प्रत्येकाच्या खात्यात दिसते, पण एकच फेरी म्हणून धरली जाते. एखाद्याला बाकीच्यांना न दिसलेला पक्षी दिसला असेल तर तो आपल्या प्रतीत तेवढा बदल करू शकतो. अंतर लिहिताना एका बाजूचेच अंतर लिहावे. त्याच वाटेने परत येताना झालेली चाल पुन्हा मिळवू नये.

दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. तुमच्यासारख्या नियमित मोजणाऱ्यांनी तीत अवश्य भाग घ्यावा. पाणथळ जागांचे महत्त्व ठरवताना अशा मोजण्या फार उपयोगी पडतात. कुडचडे येथील नंदा तळे २०२२ साली गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. रामसरच्या निकषांपैकी दोन निकष, म्हणजे वीस हजार पाणपक्ष्यांना नियमित आधार देणे आणि एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्ष्यांना नियमित आधार देणे, हे तर सरळ मोजणीवरच उभे आहेत.

आणि मोजणीसाठी थवा उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी भरतीच्या त्या दोन-तीन तासांतच विसावा घेत असतो.

प्रश्न : सत्तरीत नातेवाइकांकडे गेलो असता आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवणाऱ्या, मोबाइलमधील ‘मर्लिन’ ॲपने पहाटे दहा मिनिटांत सतरा पक्ष्यांची नावे दाखवली. ती सर्व यादीत घालू का? — म्हापसा

उत्तर : घालू नयेत. मर्लिन हे साधन चांगले आहे आणि मी स्वतः ते वापरतो, परंतु ते नाव सुचवते, पक्षी ओळखण्याचे काम आपलेच राहते. सत्तरीच्या जंगलात भृंगराज हा लांब शेपटीच्या दोन पिसांचा काळा कोतवाल सर्रास आढळतो आणि तो इतर पक्ष्यांच्या नकला फार हुबेहूब करतो. शिक्रा, सर्पगरुड, बुलबुल, एकामागून एक आवाज काढणारा भृंगराज एकाच फांदीवर बसलेला मी कितीदा पाहिला आहे. अशा वेळी मोबाइल शिक्र्याचे नाव दाखवील आणि त्याची चूकही म्हणता येणार नाही, कारण त्याने जो आवाज ऐकला तो शिक्र्यासारखाच होता. सतरा नावांपैकी जे आवाज आपण स्वतः कानाने ओळखू शकता, किंवा नाव दिसल्यावर त्या दिशेने जाऊन जो पक्षी प्रत्यक्ष पाहिला, तेवढेच लिहावेत. बाकीच्यांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि जाणकारांना ऐकवावे. यादीला ध्वनिमुद्रण जोडताही येते.

प्रश्न : कुंभारजुवे कालव्यात होडीतून जाताना मी पांढऱ्या गळपट्ट्याचा, कांदळवनातला खंड्या पाहिला. पश्चिम किनाऱ्यावर तो फार थोड्या ठिकाणी दिसतो हे मला ठाऊक आहे. छायाचित्र मिळाले नाही. नोंद केल्यावर एका पडताळणी करणाऱ्याने तपशील मागितला आणि मी ‘नक्की पाहिला’ असे कळवूनही नोंद मान्य झाली नाही. हा माझ्या शब्दावर अविश्वास नव्हे काय? — एक वाचक, तिसवाडी

उत्तर : आपल्याला वाईट वाटले हे मी समजू शकतो, परंतु हा अविश्वास नव्हे. ज्या भागात, ज्या महिन्यात एखादी जात वा संख्या अपेक्षित नसते, तेथे अशी नोंद आपोआप वेगळी काढली जाते आणि त्या भागातील एक स्वयंसेवक ती पाहतो. त्यालाही नोकरी-घर असते आणि हे काम तो विनावेतन करतो. त्याच्यापुढे आपण नसता, आपले वाक्य असते. ‘नक्की पाहिला’ या वाक्यातून त्याला आपली खात्री कळते, पक्षी कळत नाही.

कालव्यात खंड्याच्या इतरही जाती असतात. नेहमीचा खंड्या तपकिरी डोक्याचा व पोटाचा, गळ्याखाली पांढरा, चोच लाल. काळ्या टोपीच्या खंड्यालाही पांढरा गळपट्टा असतो आणि घोटाळा बहुधा येथेच होतो, पण त्याचे पोट नारिंगी असते आणि चोच लाल असते. कांदळवनातल्या खंड्याचे डोके निळसर-हिरवट, पट्टा व संपूर्ण पोट पांढरे आणि चोच काळपट असते. तेव्हा शेरा असा लिहिता आला असता : ‘सकाळी साडेआठ, ओहोटी, ऊन पाठीमागून. सुमारे वीस मीटरवर कांदळाच्या उघड्या मुळावर बसलेला. डोके व पाठ निळसर-हिरवी, मानेभोवती पूर्ण पांढरा पट्टा, पोट शुभ्र, कोठेही नारिंगी नाही. चोच काळी. सुमारे एक मिनिट दुर्बिणीतून पाहिला.’ यातील ‘कोठेही नारिंगी नाही’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत, कारण आपण दुसऱ्या जातीचा विचार करून ती वगळली आहे हे त्यातून दिसते.

आजही आपण तो तपशील कळवू शकता, मात्र त्या दिवशी वहीत लिहिलेले असेल तेवढेच लिहावे. पुस्तक पाहून आठवणीत रंग भरले जातात, आणि हे प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही घडते. तरीही नोंद मान्य न झाल्यास ती पुसली जात नाही. ती आपल्या खात्यातील यादीत राहते, केवळ सर्वांसाठीच्या नकाशांत व आकडेवारीत येत नाही. पुढच्या ओहोटीला पुन्हा जावे. चोडणच्या बाजूचे कांदळवनही या पक्ष्यासाठी पाहण्याजोगे आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे. १.७८ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अभयारण्य १९८८ साली घोषित झाले.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या जंगलात महाधनेशाची जोडी एका जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करते. व्हॉट्सॲपवरील आमच्या पक्षीप्रेमी गटातील मित्र नेमकी जागा मागत आहेत. न सांगावे तर मैत्रीत अंतर येते. काय करावे? — सांगे तालुका

उत्तर : सांगू नये. हे मी अनुभवातून, आणि थोड्या जड मनाने लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी पूर्व गोव्यातील एका जंगलात मला फ्रॉगमाऊथची जोडी दिसली. हा बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी दिवसभर वेलीच्या जाळीत वाळक्या पानासारखा निश्चल बसून राहतो आणि त्याची सारी सुरक्षितता त्या निश्चलपणातच असते. आनंदाच्या भरात मी छायाचित्र आणि जागा एका लहानशा गटात पाठवली. आठवड्याने गेलो तेव्हा तेथे पायवाट झाली होती, छायाचित्राच्या आड येणाऱ्या वेली कोणीतरी कापल्या होत्या आणि जोडी तेथे नव्हती. ज्यांना मी कळवले त्यांनी ते पुढे ज्यांना कळवले, त्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसेल. तरीही त्या वेली माझ्या एका संदेशामुळे कापल्या गेल्या असे मी मानतो.

धनेशाच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि एका अरुंद फटीतून नराने आणलेल्या अन्नावर आठवडेच्या आठवडे जगते, पुढे पिल्लेही त्यावरच वाढतात. झाडाखाली माणसे बसून असली तर नर जवळ येण्यास कचरतो, आणि नर आला नाही तर आत अडकलेल्या जिवांना दुसरा आधार नसतो. महाधनेश २०१८ पासून जागतिक यादीत ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) म्हणून नोंदला गेला आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते, हे आपल्या मित्रांना अवश्य सांगावे.

याचा अर्थ नोंदच करू नये असा नाही. आपण ती सविस्तर करावी : तारखा, नर किती वेळाने आला, कोणती फळे आणली, मादी केव्हा बाहेर आली. परंतु ती आपल्या वहीत ठेवावी आणि वनखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यास कळवावी. ई-बर्डमध्ये भरायची असल्यास पिल्ले उडून गेल्यावर, हंगाम संपल्यावर भरावी आणि जागा म्हणून घरट्याचे झाड न दाखवता अभयारण्याचे किंवा परिसराचे सर्वसाधारण ठिकाण निवडावे. काही अतिसंवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवते. बाकीच्या जातींच्या बाबतीत ही जबाबदारी आपल्यावर येते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात आणि मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ते पलीकडच्याला वाचता येतात. कॅमेऱ्यातील ही सोय जंगलात शिरण्यापूर्वीच बंद करावी.

मित्रांना द्यायला आपल्याजवळ दुसरे पुष्कळ आहे. फळांवर आलेले वडाचे झाड सार्वजनिक रस्त्यावरून दिसत असेल, तर तेथे सकाळी चरायला येणारे धनेश सर्वांनी दुरून मिळून पाहावेत. त्यात घरट्याला धक्का लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटांविषयी याच ओघात एक सांगतो. गटावर रोज उत्तम छायाचित्रे येतात, पण तारीख नसते, गाव नसते, संख्या नसते, आणि महिन्याभरात ती मोबाइलची जागा मोकळी करताना पुसली जातात. गटावर आनंद वाटावा, परंतु नेहमीच्या पक्ष्यांची नोंद त्याआधी यादीत भरलेली असावी. आज मात्र आपण बरोबर उलटे करतो : घरट्याची जागा तत्काळ सर्वांना कळते आणि करमळीच्या तळ्यावर यंदा अडई बदके किती होती हे कोठेच लिहिलेले नसते.

प्रश्न : पुळणीवर एका पक्ष्याच्या पायात कडे आणि रंगीत पट्टी दिसली. काय करावे? — काणकोण

उत्तर : पट्टीचा रंग, ती कोणत्या पायात आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली होती, तीवर अक्षरे वा आकडे होते का, हे लगेच लिहावे. शक्य तितकी छायाचित्रे काढावीत आणि तारीख-स्थळासह बीएनएचएसला कळवावे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचे काम दीर्घकाळ करत आहे. पक्षी पकडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

प्रश्न : मी मडगावात तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघेदुखीमुळे बाहेर फिरणे होत नाही. सज्जातून कावळे, पारवे, साळुंक्या, घारी आणि अधूनमधून एखादा दयाळ, एवढेच दिसते. अशा नोंदींनी कोणाचे काय भले होणार?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत शेवटी ठेवले, कारण वरच्या सर्व उत्तरांचा गाभा त्यात आहे.

पक्षी वाढले की घटले हे एखाद्या दुर्मिळ पक्ष्याच्या एका छायाचित्रावरून कळत नाही. समजा, एका परिसरात दहा वर्षांपूर्वी शंभर पूर्ण याद्या भरल्या गेल्या आणि त्यांपैकी साठ याद्यांत दयाळ होता. आज तशाच शंभर याद्यांपैकी तीसच याद्यांत तो असेल, तर काहीतरी बदलले आहे असे म्हणता येते. हा हिशेब करण्यासाठी दयाळ दिसलेल्या याद्या जितक्या लागतात, तितक्याच तो न दिसलेल्या याद्याही लागतात. आपण ‘पूर्ण यादी’ भरता आणि तीत दयाळ नसतो, तेव्हा ‘आज येथे दयाळ आढळला नाही’ असे आपण न लिहिताही लिहिलेले असते. आणि पंधरा मिनिटे पाहणे व तीन तास पाहणे यांत फरक असल्याने कालावधी नोंदवणे आवश्यक ठरते. फोंड्याच्या गुरुजींना वेळ लिहिण्याची विनंती मी याच कारणासाठी केली.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. त्याआधीच्या २०२० च्या अहवालात चिमणी महानगरांत घटली असली तरी देशभरात मिळून गेल्या पंचवीसएक वर्षांत साधारण स्थिर आहे असे दिसून आले. चिमण्या सगळीकडून नाहीशा झाल्या असे आपण सारे छातीठोकपणे सांगत होतो. तो समज तपासता आला तो रोजच्या, सामान्य पक्ष्यांच्या नोंदी कोणीतरी कंटाळा न करता केल्या म्हणून. कावळा आणि पारवा कोण लिहितो, असे म्हणून सर्वांनी त्यांना वगळले असते तर उद्या त्यांच्याविषयी विचारायला कोणतीच वही उरली नसती. जंगलातील याद्या पुष्कळ होतात. मडगावच्या एका सज्जातून वर्षभर रोज झालेली यादी मात्र फक्त आपणच देऊ शकता.

आपण बसूनच पाहणार असल्याने ‘एका जागेवरून’ हा प्रकार निवडावा. सकाळी ठरावीक वेळी पंधरा मिनिटे पुरेत. कावळे येत-जात असतात, म्हणून एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहावी. तोच कावळा पुन्हा मोजला जाण्याची भीती मग राहत नाही. घराचा नेमका पत्ता जाहीर होऊ नये म्हणून ठिकाणाला केवळ वाड्याचे किंवा परिसराचे नाव द्यावे. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्यातही किमान पंधरा मिनिटांचीच अट आहे, तेव्हा त्या दिवसांत आपली यादी चुकवू नये. पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यातील पोपट आणि खालच्या अंगणातील कोंबड्या यादीत घालाव्यात का. त्या घालू नयेत. दाणे टिपायला येणारे पारवे मात्र सर्व मोजून घालावेत.